रिकाम्या सॉकेटचा उतारा

सीडी ट्रान्सपोर्ट किंवा स्ट्रीमर घेतला की त्याच्या पाठीमागे डिजिटल आवाज बाहेर काढणारी तीन-चार सॉकेटं असतात. एक कोएक्सियल, एक ऑप्टिकल, जरा महाग यंत्र असेल तर एक बीएनसी, त्याहून महाग असेल तर एक्सएलआर. वापरात येतं त्यातलं एकच. बाकीची उघडी राहतात, आणि हायफायच्या शौकिनांपैकी काहींना ती उघडी सॉकेटं स्वस्थ बसू देत नाहीत. त्यांच्यासाठी बाजारात एक टोपी मिळते. दिसायला प्लगसारखीच, पण पुढे वायर नाही. आत ७५ ओहमचा एक रेझिस्टर. ही टोपी रिकाम्या सॉकेटवर चढवली की ते सॉकेट ‘टर्मिनेट’ होतं आणि शेजारच्या, वापरात असलेल्या सॉकेटातून निघणारा आवाज सुधारतो, असा दावा आहे. तबला मोकळा होतो, तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात, गाणारीचा श्वास कळतो, वगैरे.

तसं काही होत नाही, असं माझं मत आहे, आणि त्याची कारणं पुढे देतोच. पण हा समज पसरला कसा, याचा शोध घेताना मला तंत्रापेक्षा शब्दच जास्त दोषी वाटले. ‘टर्मिनेट’ म्हटलं की आपल्याला काय ऐकू येतं? कचेरीत माणसाच्या हातात पडणारं टर्मिनेशन लेटर. किंवा १९८४ सालच्या सिनेमातला, काळा चष्मा लावून माणसं संपवत सुटलेला टर्मिनेटर. म्हणजे संपवणं, बंद करणं. एकदा हा अर्थ डोक्यात बसला की उघडं सॉकेट म्हणजे काहीतरी सुरूच राहिलेलं, गळत असलेलं, आणि टोपी म्हणजे त्याचा बंदोबस्त, हे आपोआप पटतं.

गंमत अशी की वायरमन हाच शब्द बरोबर उलट्या अर्थाने वापरतो. केबल जमिनीतून पॅनेलपर्यंत ओढून झाली, ग्लँड आवळली, लग क्रिम्प करून टर्मिनल पट्टीवर स्क्रू पिळला की तो सांगतो, ‘टर्मिनेशन झालं.’ त्याच्या लेखी केबल तेव्हा संपलेली नसते, ती तेव्हा कामाला लागते. एकाच शब्दाला कचेरीत आणि पॅनेलसमोर असे दोन विरुद्ध अर्थ आहेत, आणि ध्वनीच्या बाबतीत वायरमनचा अर्थ बरोबर आहे.

मूळ शब्द लॅटिन, आणि तो एका देवाचं नाव आहे. टर्मिनस हा रोमनांचा शिवेचा देव. त्याची मूर्ती म्हणजे शेताच्या हद्दीवर रोवलेला दगड. २३ फेब्रुवारीला त्याचा सण असे, टर्मिनालिया. दोन्ही बाजूंचे शेतकरी आपापल्या अंगाने दगडाला माळा घालत आणि मिळून नैवेद्य दाखवत. ज्यांच्यात बांध कोरण्यावरून वर्षभर वाजत असेल, त्यांनाही त्या दिवशी एका दगडाभोवती बसावं लागत असणार. कॅपिटोल टेकडीवर ज्युपिटरचं मोठं देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा तिथल्या इतर देवांनी जागा मोकळी करून दिली, पण टर्मिनस हलला नाही अशी कथा आहे. मग त्याच्यासकट देऊळ बांधलं, आणि त्याला डोक्यावर आभाळ लागतं म्हणून छपराला भोक ठेवलं. आपल्याकडच्या वेशीवरच्या मारुतीला आणि शिवारातल्या म्हसोबाला हा देव परका वाटला नसता.

हद्द ठरवणारा म्हणून ‘डिटर्मिन’, हद्दीबाहेर हाकलणं म्हणून ‘एक्सटर्मिनेट’, आणि अर्थाची हद्द आखून दिलेला शब्द तो ‘टर्म’. रेल्वे आली तेव्हा रूळ जिथे थांबतात त्या स्टेशनाला इंग्रजांनी हेच नाव दिलं. बोरीबंदरला फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेल्या इमारतीला १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, व्हिक्टोरिया टर्मिनस म्हटलं गेलं. १९९६ साली व्हिक्टोरिया गेली, छत्रपती शिवाजी आले, २०१७ साली त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. ‘टर्मिनस’ मात्र, कॅपिटोलवरच्या त्या देवासारखा, जागचा हलला नाही. त्याच मार्गावर पुढे शीव लागतं. साष्टीकडे जाताना मुंबई बेटाची जिथे हद्द होती ते शीव. संस्कृत ‘सीमा’ झिजून झालेला शब्द. एकाच लोहमार्गावर लॅटिन शीव आणि मराठी शीव अशा दोन्ही आहेत, आणि रोज लाखो माणसं त्या दोन्हींमधून जातात.

पण टर्मिनसच्याही मागे जाता येतं. ग्रीकमध्ये ‘टेर्मा’ म्हणजे शर्यतीतला वळणाचा किंवा शेवटचा खांब. संस्कृत कोशांत ‘तर्मन्’ असा एक शब्द आहे, अर्थ यज्ञातल्या यूपाचं टोक. हे सगळे एका कुळातले मानले जातात आणि त्या कुळाचा धातू आपल्याला चांगला ओळखीचा आहे: ‘तॄ’, म्हणजे ओलांडणं, पार जाणं. तरणं, तारणं, तीर, तीर्थ (जिथून नदी ओलांडता येते ती जागा), कोकणात खाडी पार करणारी तर, अवतार, उतरणं, उतार, हे सगळं त्यातलंच. आणि ‘उतारू’. आगगाडीच्या प्रवाशाला आपल्या आजोबांच्या पिढीने किती चपखल शब्द दिला होता! टर्मिनसला उतारू उतरतात, या वाक्यात एकच धातू तीनदा येतो, हे उद्घोषणा करणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

तेव्हा टर्मिनस म्हणजे मुळात भिंत नव्हे. ती ओलांडण्याची जागा आहे. तारेतली लाट टर्मिनेट करायची म्हणजे तिचं तोंड दाबायचं नाही, तिला पलीकडे उतरवून घ्यायचं. हा अर्थ धरला की टोपीचा प्रश्न जवळजवळ सुटतो. पण त्याआधी ते ७५ ओहम काय प्रकरण आहे ते पाहावं लागेल, आणि तिथे ऑलिव्हर हेविसाइड भेटतो. त्याला घाईघाईत ओलांडून जाणं मला जमणार नाही.

हेविसाइड १८५० साली लंडनच्या कॅम्डन टाउनमध्ये जन्मला. घरची गरिबी. लहानपणी स्कार्लेट फीव्हर झाला आणि त्याने त्याच्या कानांवर कायमचा परिणाम केला. मावशीचा नवरा म्हणजे चार्ल्स व्हीटस्टन, तारयंत्राच्या जनकांपैकी एक. त्या ओळखीने पोरगा तारखात्याच्या धंद्यात शिरला, डेन्मार्क आणि न्यूकॅसलला केबलवर काम केलं, आणि १८७४ साली, चोविसाव्या वर्षी, नोकरी सोडून घरी बसला. पुन्हा नोकरी केली नाही. घरी बसून मॅक्सवेलचा वीज आणि चुंबकत्वावरचा ग्रंथ स्वतःच शिकला, आणि तारेतून लाट कशी जाते याची समीकरणं मांडली. ती आजही तारवाल्याची समीकरणं म्हणूनच ओळखली जातात. १८८० साली त्याने एक पेटंट घेतलं: एका नळीसारख्या वाहकाच्या पोटात दुसरा वाहक, दोघांचा आस एकच. म्हणजे आपली कोएक्सियल केबल. ‘ॲक्सिस’, संस्कृत ‘अक्ष’ आणि बैलगाडीचा ‘आस’ ही भावंडं आहेत, त्यामुळे कोएक्सियलला ‘एकआशी’ म्हणायलाही माझी हरकत नाही, दुकानदाराची असेल.

शब्द घडवायचा त्याला नाद होता. कंडक्टन्स, इंडक्टन्स, अ‍ॅडमिटन्स, रिलक्टन्स हे सगळे त्याच्या टांकसाळीतले. आणि १८८६ साली, ‘द इलेक्ट्रिशियन’ या नियतकालिकातल्या लेखमालेत, इंपीडन्स. डोंगराएवढा ध्वनिव्यवसाय आज ज्या शब्दावर चालतो, तो कानाने अधू असलेल्या माणसाने दिला आहे.

साध्या रेझिस्टन्सला आपल्या शाळेच्या पुस्तकात ‘रोध’ म्हणतात. चांगला शब्द आहे. पण इंपीडन्स नुसता रोध नव्हे. त्याचं मूळ लॅटिन ‘इंपेडिरे’: पायात अडकवणं. ‘पेस, पेडिस’ म्हणजे पाय; आपला ‘पद’, ‘पाद’ आणि ‘पाय’ त्याचेच सख्खे. पाय मोकळे केले तर ‘एक्सपेडिरे’, ज्यातून एक्सपिडिशन, म्हणजे मोहीम. रोमन फौज मोहिमेवर निघाली की मागून जे ओझं, तंबू, खेचरं, सामानसुमान चालायचं त्याला ‘इंपेडिमेंटा’ म्हणत. पानिपताची बखर वाचलेल्याला लगेच ‘बुणगे’ आठवतील.

आता मराठी पाहा. घोड्याचे मागचे पाय बांधायची दोरी म्हणजे ‘पायबंद’. फारसीतून आलेला शब्द, पण त्यातला ‘पाय’ तोच, पेडिसच्या घराण्यातला. पागेत अगाडी, पिछाडी आणि पायबंद हे रोजचे शब्द होते. नंतर पायबंद भ्रष्टाचाराला, अफवांना आणि महागाईला घालायचा राहिला, आणि तोही बहुधा अग्रलेखातच. हेविसाइडला विजेच्या बदलत्या प्रवाहाबद्दल जे म्हणायचं होतं ते अक्षरशः हेच आहे. रोध वाट अडवतो. पायबंद चालणाऱ्याची चाल बदलतो: किती वेगाने पाय टाकायचा, पाऊल कुठे मागेपुढे पडणार, हे तो ठरवतो. बदलत्या प्रवाहात विद्युत्‌दाब आणि प्रवाह यांची पावलं एकमेकांच्या मागेपुढे पडतात, आणि इंपीडन्समध्ये ते मागेपुढे पडणंही मोजलेलं असतं. परिभाषा घडवणाऱ्या कोणाला हा शब्द सुचला असता तर इंपीडन्ससाठी वेगळा शब्द शोधावाच लागला नसता. आता उशीर झाला आहे, हे मलाही कळतं.

हे मागेपुढे पडणं संमिश्र संख्यांनी लिहायची सोय १८९३ साली ज्याने रूढ केली तो आर्थर केनेली, मुंबईचा. म्हणजे आयरिश बापाचा मुलगा, पण जन्म कुलाब्याचा, १८६१ सालचा. रेडिओच्या लाटा परत फिरवणाऱ्या वातावरणातल्या थराला पुढे केनेली आणि हेविसाइड या दोघांचं नाव मिळालं.

ओहमबद्दल एवढंच सांगतो की जर्मन मास्तर गेओर्ग ओहमने तारेचा नियम १८२७ साली मांडला आणि १८४३ साली कानाबद्दलही एक नियम मांडला, की कान मिश्र आवाजातले सुटे स्वर वेगळे करून ऐकतो. त्याच्या एककाला ओमेगाचं चिन्ह १८६७ साली सुचवलं विल्यम प्रीसने, जो पुढे हेविसाइडचा हाडवैरी झाला. ओमेगा हे ग्रीक वर्णमालेतलं शेवटचं अक्षर. तारेच्या शेवटी लावायच्या टोपीवर ते शोभून दिसतं.

कोएक्सियल केबलवर ७५ ओहम असं छापलेलं असतं. मीटर लावून ते मोजायला जाणाऱ्याच्या पदरी निराशा येते. टोकं मोकळी असतील तर मीटर काहीच दाखवत नाही, आणि पलीकडचं टोक जोडलं तर जेमतेम अंशभर ओहम. कारण हा आकडा तारेच्या रोधाचा नाही, चालत्या लाटेला वाटेत जाणवणाऱ्या पायबंदाचा आहे. आतल्या तारेची जाडी, बाहेरच्या जाळीचा व्यास आणि मधलं प्लॅस्टिक यांवरून तो ठरतो, आणि केबल वीतभर असो की मैलभर, तोच राहतो. लाट त्या चालीने चालत शेवटी पोचली आणि समोर तेवढाच, ७५ ओहमचा भार भेटला, तर तिला हद्द आली हे कळतही नाही. सगळी ऊर्जा उतरून जाते. भार वेगळा असला तर लाटेच्या उंचीचा काही भाग परत फिरतो. किती, याचा हिशेब सोपा आहे: भार आणि केबल यांच्या ओहमांची वजाबाकी भागिले बेरीज. १०० ओहमच्या भारावर पंचवीस भागिले एकशे पंचाहत्तर, म्हणजे सातवा हिस्सा परत. टोक मोकळं असेल तर सगळी लाट जशीच्या तशी परत. टोकाला तार तारेला चिकटवली, म्हणजे शॉर्ट केलं, तरी सगळी परत, पण उलटी होऊन. म्हणजे ‘बंद करणं’ आणि ‘उघडं ठेवणं’ दोन्ही इथे सारखेच वाईट. सीएसएमटीला लोकल येते आणि तोंड फिरवून कल्याणकडे निघते. तिच्या लेखी तो टर्मिनस म्हणजे मोकळं टोक. त्याच गाडीतून आलेला उतारू मात्र फलाटावरून चालत बाहेर पडतो आणि परत येत नाही. इंजिनिअरला लाटेचं उतारू व्हायला हवं असतं.

परत फिरलेली लाट म्हणजे पडसाद. ‘प्रतिशब्द’ प्राकृतात ‘पडिसद्द’ झाला आणि मराठीत ‘पडसाद’. ‘साद’ हा ‘शब्द’च आहे, झिजलेला. त्यामुळे कोणी मला टर्मिनेशनला मराठी प्रतिशब्द विचारला तर तो माझ्याकडे पडसादच मागत असतो, आणि टर्मिनेशनचं काम नेमकं पडसाद येऊ न देण्याचं आहे. सोडून द्यावा हे बरं.

आता रिकामं सॉकेट. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी घरगुती डिजिटल आवाजासाठी ठरवलेली जी पद्धत आहे, जिला त्यांच्या आद्याक्षरांवरून एस-पीडिफ म्हणतात, तिच्यात सीडीच्या आवाजाचे सेकंदाला २८,२२,४०० बिट जातात. एका बिटाला साधारण ३५४ नॅनोसेकंद मिळतात, आणि त्यातल्या बदलांमधलं सर्वांत कमी अंतर १७७ नॅनोसेकंद. संकेत खालून वर चढायला स्वतःच काही नॅनोसेकंद ते पंचवीसेक नॅनोसेकंद घेतो. केबलमध्ये लाट एका नॅनोसेकंदात वीस सेंटिमीटर जाते. रिकाम्या सॉकेटला केबल नाही. चिपपासून सॉकेटपर्यंतची वाट काही सेंटिमीटरांची. लाट तिथे पोचून, मोकळ्या टोकावरून परत फिरून येईपर्यंत अर्धा-पाऊण नॅनोसेकंद लागतो. संकेत अजून वर चढायला पुरता लागलेलाही नसतो. पडसाद ऐकू यायला मधे अंतर लागतं. तोंडासमोर तळहात धरून कोणी पडसाद ऐकलेला नाही. शिवाय परत आलेल्या त्या लाटेसाठी चिपच्या बाजूलाही ७५ ओहम बसवलेले असतातच. नीट बांधलेल्या यंत्रात प्रत्येक सॉकेटाला स्वतःची वेगळी वाट असते, त्यामुळे शेजारच्या सॉकेटात ढवळाढवळ व्हायचं कारण नाही.

थोडक्यात, रोमन शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर तिथे शेतच नाही, मग शिवेचा दगड कशाला? टोपी चढवल्याने एक गोष्ट मात्र नक्की घडते. एरवी निवांत असलेल्या त्या वाटेवर अर्ध्या व्होल्टने ७५ ओहममधून प्रवाह वाहायला लागतो, साडेसहा-सात मिलीअँपिअर. चिपला उगाच काम. बिघडत काही नाही, पण आवाजाच्या नावाने घातलेल्या वस्तूने यंत्राला अधिक राबवावं, यात थोडा विनोद आहे.

मराठीत ‘उतारा’ या शब्दाचे चार-पाच तरी संसार आहेत. पुस्तकातला उतारा, सातबाराचा उतारा, विषावरचा उतारा. आणि तिन्हीसांजेला अंगावरून ओवाळून तिठ्यावर ठेवतात तो, लिंबू-भाताचा. धातू तोच, तॄ. तारेच्या टोकाला लावलेला खरा ७५ ओहम हा लाटेचा उतारा: तिला पार नेणारा. रिकाम्या सॉकेटवर चढवलेला तोच रेझिस्टर शेवटच्या अर्थाचा उतारा आहे. त्याने ठेवणाऱ्याला बरं वाटतं, आणि तेवढ्यापुरता तो खोटा म्हणता येणार नाही. मात्र किंमत लिंबाची असावी. आतल्या रेझिस्टरला रुपया-दोन रुपये पडतात.

बाजू घ्यायचीच झाली तर टोपीवाल्यांची एक-दोन ठिकाणी घेता येते. काही स्वस्त यंत्रांत एकाच चिपच्या वाटेवरून दोन सॉकेटं जोडलेली असतात. तिथे एकाचा भार दुसऱ्याला जाणवतो. पण तिथे टोपी लावली तर चालू सॉकेटाचा संकेत उलट अशक्त व्हायचा धोका असतो. ७५ ओहमच्या उगमाला एक भार असेल तर अर्धा दाब मिळतो, दोन भार समांतर असतील तर तिसरा हिस्सा. घराशेजारी रेडिओचा मोठा मनोरा असेल तर उघड्या धातूवर काही येऊन बसू शकतं. मग साधी धातूची टोपीही पुरे, रेझिस्टर नको. आणि समजा एखाद्याने दीड मीटर केबल सॉकेटाला तशीच लावून ठेवली आहे, दुसरं टोक कपाटामागे लोंबतं आहे. ही मात्र खरी वाट आहे आणि तिला खरंच मोकळं टोक आहे. पंधरा नॅनोसेकंदांनी पडसाद येतो, आणि ती लोंबणारी तार अँटेनाचंही काम करते. इथे टर्मिनेशनला अर्थ आहे. मात्र केबल उपसून काढली की तेच काम फुकटात होतं.

एक इशारा, कारण दुकानात दोन टोप्या शेजारीशेजारी टांगलेल्या असतात. दुसरी असते शॉर्टिंग प्लग, आत नुसती जोडलेली तार. ती इनपुटसाठी आहे. तबकडीच्या पिनचा संकेत घेणारं ४७ हजार ओहमचं इनपुट उघडं ठेवून निवडलं तर ते गुणगुणतं, आणि शॉर्टिंग प्लगने ते शांत होतं. आउटपुटला ती कधीही लावू नये.

टोपीच्या समर्थनात ‘जिटर’ हा शब्द हमखास येतो: टोपीने जिटर कमी होतो. बिट वेळेवर न येता किंचित मागेपुढे येणं म्हणजे जिटर. तो खरा आहे, मोजता येतो, आणि फार झाला तर आवाजात घाण करतो. शब्द अमेरिकन बोलीतला, १९२० च्या दशकाच्या आसपासचा. अंगाला सुटणाऱ्या कापऱ्यासाठी. १९३४ साली कॅब कॅलोवेने ‘जिटर बग’ गाण्यात आणला आणि मग त्या नावाचा नाचच झाला. घाबरलेल्याची थरथर, नाचणाऱ्याची थरथर, मग घड्याळाची थरथर. पण केबल नसलेल्या सॉकेटावरून अर्ध्या नॅनोसेकंदात विरून गेलेला पडसाद शेजारच्या वाटेवरच्या घड्याळाला कापरं भरवू शकेल, हे मापाने दाखवल्याशिवाय मानू नये. दाखवणं अवघडही नाही. डॅकच्या, म्हणजे बिटांचा आवाज करणाऱ्या यंत्राच्या, आउटपुटवर मीटर लावायचा, टोपी काढायची, घालायची. कानाने ठरवायचं असेल तर दुसऱ्या कोणाला टोपी हाताळायला सांगायचं आणि आपण पाठ करून बसायचं.

‘डिजिटल’मधला ‘डिजिट’ म्हणजे बोट, मोजायचं बोट. आपल्याकडे त्या जागी ‘आकडा’ आहे, आणि आकडा म्हणजे अंकही आणि वाकडी हुकाची तारही. संस्कृत ‘अंक’लाही दोन्ही अर्थ होते. विजेच्या तारेवर आकडा टाकणारे लोक डिजिटल क्रांतीच्या कितीतरी आधीपासून विजेत आकडे पाठवत होते, असं म्हणायचा मोह होतो.

बीएनसीबद्दल दोन शब्द, कारण टर्मिनेटरचं नैसर्गिक घर तेच. पाव फेरा फिरवून अडकणारा तो प्लग. त्याचं नाव ‘ब्रिटिश नेव्हल कनेक्टर’ आहे असं अनेक तंत्रज्ञ शपथेवर सांगतात. नौदलाचा संबंध नाही. पॉल नील आणि कार्ल कॉन्सेलमन या दोन अमेरिकन अभियंत्यांची आद्याक्षरं, आणि आधी ‘बॅयोनेट’चा बी, संगिनीसारखी खुंटी घालून पिळायची म्हणून. बॅयोनेट हे नाव बहुतेक कोश फ्रान्समधल्या बायोन गावाला जोडतात. संगीन, गाव, दोन माणसं, आणि त्यात घुसवलेलं काल्पनिक आरमार.

हा बीएनसी टर्मिनेटर जिथे खरोखर लागतो ती जागा म्हणजे ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ. तिथे पाच-सहा यंत्रांना एकाच घड्याळावर चालावं लागतं, आणि ते घड्याळ एका कोएक्सियल केबलवरून, टी-जोड घालत, एका यंत्रातून दुसऱ्याकडे जातं. त्याला ‘वर्ड क्लॉक’ म्हणतात. संगणकाच्या भाषेत ‘वर्ड’ म्हणजे एकत्र बांधलेल्या बिटांची ठरावीक जुडी; आवाजात एका क्षणाच्या नमुन्याची सोळा किंवा चोवीस बिटांची जुडी. सीडी प्रत्येक बाजूला सेकंदाला ४४,१०० शब्द बोलते. संस्कृतात ‘शब्द’ म्हणजे आधी आवाज आणि मग बोललेला शब्द. न्याय-वैशेषिकांनी तर शब्द हा आकाशाचा गुण मानला. म्हणजे वर्ड क्लॉकचं ‘शब्दघड्याळ’ असं भाषांतर कोणी अजाणता केलं तरी ते चुकणार नाही.

या साखळीत शेवटच्या यंत्रावर, आणि फक्त शेवटच्याच यंत्रावर, ७५ ओहम लावायचे असतात. काही यंत्रांत त्यासाठी मागे एक बारीक बटण दिलेलं असतं. मधल्या यंत्रावर ते चुकून चालू राहिलं की घड्याळाचा संकेत दोन तृतीयांशावर येतो, आणि कुठलं तरी एक यंत्र मधूनच टक्‌टक्‌ करायला लागतं. अशा वेळी सगळे केबलला दोष देतात. आधी ती बटणं पाहावीत.